चोवीस रोलरांसाठी टिपा

डिचोली,
२४ जून १९९१

अनंतदादास नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. काकींचा गुडघा सोडला तर त्या ठणठणीत आहेत आणि काका, म्हणजे तुझे बाबा, माझ्यापेक्षा बरे आहेत. काम आहे म्हणून लिहितोय.

पावसामुळे खाण बंद आहे. तिथल्या डोझरांच्या साखळीखालचे चोवीस झिजलेले रोलर आपल्या वर्कशॉपात आलेत. त्यांच्यावर वेल्डिंगचा भराव घालायचा आणि लेथवर मापाला उतरवायचे. दहा ऑक्टोबरला खाण सुरू होणार, त्याच्या आत सगळे पाहिजेत. खाणीच्या इंजिनियरसाहेबांनी तोंडावर सांगितलं, वेळेत दिलेत तर इथून पुढे रोलरांचं सगळं काम तुमचं, नाही तर फोंड्याला एकाने नवी मशीन आणली आहे. खाणीचं काम गेलं की आपल्या वर्कशॉपात उरतं काय? पंपाचे शाफ्ट आणि गिरणीचे पट्टे. तेवढ्यावर दोन घरं चालायची नाहीत.

भराव इतका कडक आहे की लेथच्या हत्याराच्या टोकाला पितळेने चिकटवलेल्या आपल्या जुन्या टिपा तासाभरात बोथट होतात. काढा, घासा, लावा. एका रोलरला चार दिवस. चोवीस चोक शहाण्णव, त्यात रविवार, त्यात गणपतीची चवथ, त्यात आमची वीज. कसा मेळ बसणार?

साहेब म्हणाले, आता सुट्या टिपा मिळतात, होल्डरमध्ये बोल्टने आवळायच्या, एक कोपरा गेला की फिरवून दुसरा. एका विक्रेत्याने मला कॅटलॉग दिला. दोनशे पानं आणि सगळे आकडे. बघून मला घेरी आली. तू तिकडे कारखान्यात हेच करतोस ना, कुठल्या कामाला कुठली टिप ते ठरवणं? मग आमच्यासाठीही ठरव. लेथ तीच आपली जुनी, आणि लेथवर काकाच. दुसऱ्या कोणाच्या हातात ते रोलर देऊ देत नाहीत.

हे पत्र लिहितोय ते काकांना माहीत नाही. तेव्हा उत्तर माझ्या घरच्या पत्त्यावर लिही.

तुझा,
शिवदास


चिंचवड,
३ जुलै १९९१

चि. शिवदास यास आशीर्वाद.

रजिस्टर पार्सल केलंय. त्यात एक होल्डर आणि दहा टिपा आहेत. टिपा तिकोनी, सोनेरी मुलामा दिलेल्या, आमच्याकडे असलेल्या सर्वांत कडक जातीच्या. कडक भरावाला कडक टिप, यात फार डोकं चालवण्यासारखं काही नाही. कॅटलॉगमध्ये तुमच्या भरावाचा कडकपणा बघून निवडल्या आहेत. एका टिपेत सहा कोपरे म्हणजे साठ कोपरे झाले. चोवीस रोलर होऊन उरायला हवेत.

आता माझी एक अट. या टिपा मी पाठवल्या हे बाबांना सांगायचं नाही. म्हापशाहून आणल्या म्हण, पणजीहून आणल्या म्हण. सोळा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही हे तुला ठाऊक आहे. माझं नाव ऐकलं तर ते डबीसुद्धा उघडणार नाहीत आणि तुझं काम अडेल. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.

आईच्या गुडघ्याला तुझ्या कमलाक्षी वहिनीने तेल पाठवलंय, पार्सलमध्येच आहे. ते मात्र आमच्याकडून म्हणून दे.

अनंत


डिचोली,
२० जुलै १९९१

दादा,

तुझ्या सोनेरी टिपा मिळाल्या. आणि गेल्यासुद्धा.

दहापैकी सात टिपा अर्ध्या रोलरला पुरल्या नाहीत. पहिली लावली, टचकन आवाज, कोपरा गेला. फिरवली, पुन्हा टचकन. फिरवून फिरवून सहा कोपरे दुपारच्या जेवणाच्या आत संपले. दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी काकांनी होल्डर काढून ठेवला आणि आपली जुनी पितळेची टिप लावून अर्धा राहिलेला रोलर उतरवला. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांचं न बोलणं तुला माहीत आहे.

आणि तू लिहितोस, यात डोकं चालवण्यासारखं काही नाही! तुझ्या कारखान्यात माणसं काय लोणी कापतात? चार आठवडे होत आले, चारच रोलर झालेत. विसाचा डोंगर समोर बसलाय. काल साहेबांचा माणूस येऊन मोजून गेला आणि जाताना हसला.

एसटीडीवरून फोन करणार होतो, पण गेल्या खेपेला टिपेचा नंबर ओरडून ओरडून सगळ्या डिचोली बाजाराला पाठ झाला आणि तुला काही तो ऐकू आला नाही. म्हणून पत्रच. लवकर काय ते कर.

शिवदास


चिंचवड,
२७ जुलै १९९१

शिवदास,

रागावलास ते बरोबर आहे. चूक माझी. वेल्डिंगचा भराव गुळगुळीत नसतो, त्यात गाठी असतात, खड्डे असतात, हे मी धरलंच नाही. अशा कामात टिपेला दर फेऱ्याला धक्के बसतात. कडक टिप झिजत नाही, पण धक्का सोसत नाही. धक्का सोसणारी जात वेगळी, तिला आम्ही चिवट म्हणतो. इथे चिवट हवी होती आणि मी कडक पाठवली. पंधरा वर्षं हे काम करून मी शिकाऊ पोरासारखा चुकलो, याची मला लाज वाटते.

नवीन पार्सल निघालंय. या वेळी चौकोनी, जाड, चिवट जातीच्या टिपा. कोपरा मोठ्या गोलाईचा आहे. कॅटलॉगप्रमाणे धक्क्याच्या कामाला जेवढी मोठी गोलाई तेवढी टिप मजबूत. होल्डरही नवा.

या वेळी तुटल्या तर मला नीट माहिती दे. मशीन कुठल्या पुलीवर, म्हणजे किती स्पीडने चालवता? एका वेळी किती खोल काप घेता? होल्डर टूलपोस्टच्या बाहेर किती येतो? बोल्ट नीट आवळता का? एकेक प्रश्नाचं उत्तर लिही, शिव्या नंतर लिही.

अनंत


डिचोली,
१६ ऑगस्ट १९९१

दादा,

आधी उत्तरं लिहितो, तुझा हुकूम आहे म्हणून. तिसऱ्या पुलीवर. काप दोन मिलिमीटर, कधी तीन. होल्डर दीड बोट बाहेर. बोल्ट मी स्वतः आवळतो. बाकी सगळी तयारी काकांची, पाववाला पोदेर यायच्या आधी ते वर्कशॉपात हजर असतात आणि मी पोचेपर्यंत हत्यारं तयार करून मेजावर मांडून ठेवलेली असतात. हत्याराच्या बाबतीत आमच्याकडून उणं काही नाही.

आता शिव्या. तुझ्या चिवट टिपासुद्धा तुटल्या! पहिल्यापेक्षा जरा जास्त टिकल्या, एक कोपरा अर्धा तास. शिवाय मशीन अशी थरथरते की जनेलाच्या काचा वाजतात आणि रोलरवर लाटा उठतात. सात रोलर झालेत, त्यातले सहा जुन्याच टिपांनी. साहेब स्वतः आले होते. रोलरवर हात फिरवून म्हणाले, "सगुण मेस्त, तुमच्या हाताबद्दल प्रश्न नाही, पण तारखेचं काय?" काकांनी मान खाली घातली. चोवीस वर्षं हे वर्कशॉप चालवतायत, त्यांची मान खाली गेलेली मी बघितली नव्हती.

तुला वाटत असेल आम्हीच काहीतरी गाढवपणा करतोय. म्हणून तुटलेल्या टिपा काडेपेटीत घालून पाठवतोय. तूच बघ, तुझ्या कॅटलॉगला दाखव, आणि सांग दोष कोणाचा.

शिवदास


चिंचवड,
२५ ऑगस्ट १९९१

शिवदास,

काडेपेटी मिळाली. उघडली आणि टेबलावर ओतली. अर्धा तास मी त्या तुकड्यांकडे बघत बसलो होतो. कमलाक्षीने विचारलं, कोणाचं काय झालं?

या टिपा घासल्या आहेत. सोनेरी मुलामा कडेकडेने उतरलेला आहे. लोखंडाचा कीस मोडायला टिपेवर एक बारीक खाच असते, ती सपाट झाली आहे. मी मुद्दाम पाठवलेला गोल कोपरा घासून टोकदार केलाय. टोकदार कोपरा भरावाच्या गाठीवर आपटला की तुटणारच, तो देवाने बनवलेला असला तरी तुटेल! सुट्या टिपेला ग्राइंडर लावायचाच नसतो. डबीतून काढायची, बसवायची, संपली की फेकायची. शेंबड्या पोरालाही माहीत असतं हे.

आणि कोणी घासल्या ते मला विचारायची गरज नाही. उजवीकडे किंचित उतार. तो उतार मी डोळे मिटून अंगठ्याने ओळखीन. मॅट्रिकनंतर सहा वर्षं मी त्या वर्कशॉपात काम केलं. रोज संध्याकाळी माझी हत्यारं मी धार लावून ठेवायचो, आणि रोज सकाळी ती पुन्हा घासलेली असायची, उजवीकडे उतार देऊन. वाईट आहेत असं कधी म्हणाले नाहीत. चांगली आहेत असंही नाही. एके दिवशी मी माझ्या धारेचं हत्यार त्यांना न दाखवता लावलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्यांनी मशीन बंद केली, हत्यार काढलं आणि सगळ्यांसमोर ग्राइंडरवर गेले. त्याच आठवड्यात मी घर सोडलं.

सोळा वर्षांनी मी परत हत्यार पाठवलं आणि त्यांनी पुन्हा तेच केलं. मला आता काहीही पाठवायचं नाही. तुमचे रोलर फोंड्याला जाऊ देत.

अनंत


डिचोली,
१७ सप्टेंबर १९९१

दादा,

चवथ झाली. उत्तराला उशीर केला, मुद्दाम केला. लगेच लिहिलं असतं तर जे लिहिलं असतं ते काकींच्या कानावर घालण्यासारखं नव्हतं.

अरे शहाण्या, काकांना कुठे माहीत होतं टिपा तुझ्या आहेत ते! तुझीच अट ना? नाव काढायचं नाही, म्हापशाहून आणल्या म्हण? मी म्हटलं, म्हापशाहून आणल्या. मग दुकानातल्या हत्याराला काका धार लावणार नाहीत तर काय पूजा करणार? आमच्याकडे आजवर एकही हत्यार धार लावल्याशिवाय मशीनला लागलेलं नाही. तू स्पीड विचारलास, काप विचारलास, बोल्ट विचारलास. धार लावता का म्हणून विचारलं नाहीस, आणि मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. आम्ही श्वास घेतो तेही मी तुला पत्रात लिहिलं नव्हतं.

तुझं पत्र वाचल्यावर मी काकांना म्हटलं, या टिपा घासायच्या नसतात. माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. म्हणाले, "दुकानदाराक ठावक आसा काय आपली मशीन? हो रोलर ताणा बघलोलो आसा? मगे तेच्या धारेर विश्वास कसो ठेवू?" मी उरलेली डबी तेलाच्या पिंपामागे लपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या टिपा घासून मेजावर ओळीने मांडलेल्या. सहासष्ट वर्षांच्या माणसाशी मी मारामारी करू?

दहा रोलर झालेत. तेवीस दिवस उरलेत. तुम्ही बाप-लेक बोलत नाही आणि मी मधल्या मधे भरडला जातोय. तू तिकडे कॅटलॉग घेऊन रुसणार, ते इकडे ग्राइंडर घेऊन गप्प बसणार, आणि फोंड्याचा माणूस आमचे रोलर घेऊन जाणार. मला तुमच्या दोघांचाही कंटाळा आलाय, हे अगदी मनापासून सांगतो.

एकदा तरी मला खरं बोलू दे. नाव सांगू की नको?

शिवदास


चिंचवड,
२३ सप्टेंबर १९९१

शिवदास,

सांग.

ते मला आधी का सुचलं नाही, याचा विचार दोन दिवस करतोय. त्यांचा मुलगा असून मी विसरलो की ते प्रत्येक हत्यार घासतात. विसरलो म्हणणंही खोटं आहे, ते फक्त माझीच हत्यारं घासतात असं मी इतकी वर्षं धरून बसलो होतो. कमलाक्षी म्हणते, तुम्ही दोघे एकाच दगडावर घासलेले आहात.

या वेळी कॅटलॉग मिटला आणि आपली लेथ डोळ्यांसमोर आणली. तिचं हत्यार सरकवणारं कॅरेज डाव्या अंगाला उडतं. मोठ्या गोल कोपऱ्याने ती थरथरणारच, ती थरथर माझ्या निवडीची होती, बाबांच्या घासण्याची नव्हे. म्हणून गोलाई निम्मी केली आहे, टिपा चिवट जातीच्याच ठेवल्यात. चौथ्या पुलीवर नेऊ नका. काप दोन मिलिमीटरच घ्या. कीस निळा पडला की समजा बरोबर चाललंय.

घासू नका असं त्यांना माझ्या नावाने सांगू नकोस. टिपा मी पाठवल्या आहेत, ही मशीन आठवून निवडल्या आहेत, एवढंच सांग. पुढचं त्यांना ठरवू दे. घासल्या तर घासल्या.

अनंत


डिचोली,
१३ ऑक्टोबर १९९१

अनंतदादा,

आधी वाईट बातमी. चोवीस झाले नाहीत. एकोणीस झाले. उरलेले पाच साहेबांनी परवा जीपमध्ये घालून फोंड्याला पाठवले. पुढच्या पावसाळ्यात काम अर्धं तुम्हाला, अर्धं त्यांना, असं म्हणाले. अर्ध्यावर आपण जगू, पण जुलैमध्ये हे सगळं नीट झालं असतं तर सगळं आपलं होतं. त्याची चरफड माझ्या मनातून जात नाही आणि तुझ्याही जाऊ नये.

आता बाकीचं. पार्सल एक तारखेला आलं, तोवर आम्ही उरलेल्या रोलरांवर भराव घालण्यातच गुंतलो होतो, लेथवर एकही नवा उतरला नव्हता. मी डबी काकांच्या हातात दिली आणि म्हटलं, ह्या आणि आधीच्या दोन्ही डब्या अनंतदादाने पाठवल्यात, आपली मशीन आठवून निवडल्यात. काकांनी डबी उघडली, पुन्हा मिटली. मग म्हणाले, "आदी कित्याक नाय सांगलंस?" मी म्हटलं, त्याने सांगितलं होतं सांगू नको म्हणून. काका दुपारचे जेवायला घरी मयेला गेले ते त्या दिवशी परत आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच गेलो. काका आधीच आलेले. ग्राइंडर बंद. टिप होल्डरमध्ये बसवलेली, कोपरा सोनेरीच्या सोनेरी. मला बघून म्हणाले, "अनंताक ही मशीन ठावक आसा." बस, तेवढंच.

एका दिवसात एक रोलर उतरला. कीस निळा पडत होता. काच एकदाही वाजली नाही. तिसऱ्या रोलरला मात्र टचकन आवाज आला आणि कोपरा गेला. वाटलं, झालं, आता चालले ग्राइंडरकडे. काकांनी मशीन थांबवली, वाकून भरावावर बोट फिरवलं, गाठ सापडली. "हत्याराक दोष नाय, भराव खोटो," म्हणाले आणि मला वेल्डिंगवरून अशी एक शिवी हासडली की ती मी तुला लिहीत नाही. मग बोल्ट सैल करून टिप फिरवली आणि दुसऱ्या कोपऱ्याने काम पुढे. नऊ दिवसांत नऊ रोलर. नवीन टिपा सहाच लागल्या.

परवा साहेब रोलर न्यायला आले तेव्हा पाच राहिले म्हणून तोंड वाकडं करूनच आले होते. शेवटच्या नऊंवर हात फिरवला आणि थांबले. असा हात त्यांनी आधीच्या दहांवर फिरवला नव्हता. म्हणाले, "सगुण मेस्त, हे कसे उतरवलेत? धार कोणी लावली?"

इतकी वर्षं हा प्रश्न कोणीही विचारला तर काकांचं उत्तर एकच, स्वतःच्या छातीवर बोट. यावेळी ते बोट वर आलंच नाही.

"माझ्या झिलान," म्हणाले. "अनंतान."

टिपा कारखान्यात तयार होतात, त्यांना कोणी हाताने धार लावत नाही, हे साहेबांना माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघांनी काहीही दुरुस्त केलं नाही.

तुझा,
शिवदास